आत्याची ट्रंक आणि अडीच टनांचं यंत्र

आज सुरुवात एका चुकीपासून करतो. चूक माझीच आहे.

माझी आत्या सत्तरच्या दशकात मुंबईत एका ऑफिसात पंच ऑपरेटर होती. म्हणजे काय, तर माहिती टाइप करायची आणि त्याप्रमाणे जाड कागदाच्या कार्डाला भोकं पडायची. एका कार्डावर ८० अक्षरं. मग दुसरी बाई तेच सगळं पुन्हा टाइप करून तपासायची. आमच्याकडे किराणाची यादी कित्येक वर्षं वाया गेलेल्या कार्डांच्या मागेच लिहिली जायची.

आत्या गेल्यावर माळ्यावरची ट्रंक उघडली. आत रबरबँड लावलेले कार्डांचे गठ्ठे आणि एक जाडजूड मॅन्युअल. प्रत्येक गठ्ठ्याच्या कडेवर पेनाने एक तिरकी रेघ ओढलेली. म्हटलं, कशाला हा पसारा? दिला सगळा रद्दीवाल्याला.

दोनेक वर्षांनी एका म्हाताऱ्या प्रोग्रामरचं भाषण ऐकताना त्या रेघेचा अर्थ कळला. गठ्ठा हातातून पडला की शेकडो कार्डांचा क्रम बिघडतो. कडेवर तिरकी रेघ असेल तर कुठलं कार्ड जागा चुकलंय ते लगेच दिसतं. एवढी साधी, हुशार गोष्ट. आत्या वीस वर्षं माझ्यासमोर होती आणि मी तिला कधी विचारलंच नाही.

म्हणून आज सांगणार आहे अशा लोकांबद्दल, जे वेळेवर विचारतात.

इंग्लंडमध्ये १९८९ साली कॉम्प्युटर कन्झर्व्हेशन सोसायटी सुरू झाली. ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटी आणि लंडनचं सायन्स म्युझियम यांनी मिळून ती काढली. जुने कॉम्प्युटर जपायचे, जमलं तर पुन्हा चालू करायचे, आणि ते वापरलेल्या माणसांच्या आठवणी नोंदवून ठेवायच्या, हे तिचं काम. ‘रिझरेक्शन’ नावाचं त्यांचं नियतकालिक आहे. रिझरेक्शन म्हणजे पुनरुत्थान! व्याख्यानं होतात, आणि सभासद व्हायला इंजिनियर असायची अट नाही.

आता त्यांच्या एका यंत्राची गोष्ट. हारवेल इथल्या अणुसंशोधन केंद्रात १९५१ साली एक कॉम्प्युटर सुरू झाला. वजन अडीच टन. त्यात डेकाट्रॉन नावाच्या काचेच्या नळ्या होत्या. नळीत प्रकाशाचा एक ठिपका गोल फिरतो, आणि तो जिथे थांबेल तो आकडा. म्हणजे मेमरीतला आकडा डोळ्यांनी वाचता यायचा! वेग मात्र विचारू नका. एका गुणाकाराला पाच-दहा सेकंद. हातयंत्रावर हिशोब करणाऱ्या एका गणितज्ञाने त्याच्याशी शर्यत लावली होती. अर्धा तास तो बरोबरीने टिकला, मग दमून उठला. यंत्र आपलं चालूच.

१९५७ मध्ये ते वुल्व्हरहॅम्प्टनच्या एका कॉलेजला मिळालं. तिथे १९७३ पर्यंत मुलं त्याच्यावर शिकली. मग ते म्युझियममध्ये गेलं, आणि पुढे सुटे भाग करून गोदामात. बरीच वर्षं तसंच पडून होतं. एका जाणकाराने गोदामातल्या वस्तूंच्या फोटोत त्याचं कंट्रोल पॅनेल ओळखलं. मग सोसायटीच्या स्वयंसेवकांनी तीन वर्षं खपून ते ब्लेचली पार्कच्या नॅशनल म्युझियम ऑफ कॉम्प्युटिंगमध्ये पुन्हा चालू केलं. नोव्हेंबर २०१२ ची गोष्ट.

त्या दिवशी मूळ रचनाकारांपैकी टेड कुक-यारबरो समोर हजर होते. वय ९३. पुढच्याच जानेवारीत ते गेले.

काम दोन महिने लांबलं असतं तर? म्हणून म्हणतो, अशा संस्थेला मदत ‘पुढे कधीतरी’ करून चालत नाही. यंत्र गोदामात वाट बघतं हो. माणसं नाही बघू शकत.

तुम्ही म्हणाल, हे झालं इंग्लंडचं. तर आपल्या मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आर. नरसिंहन यांच्या गटाने ‘टिफ्रॅक’ नावाचा कॉम्प्युटर इथेच बनवला. १९६० साली तो रीतसर सुरू झाला. मेमरी होती २,०४८ शब्दांची, एकेक शब्द ४० बिटांचा. गणित करा, साधारण १० किलोबाइट. तुमच्या फोनमधला एक ‘गुड मॉर्निंग’ फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. त्या काळात पंचविशीत असलेली माणसं आज नव्वदीच्या आसपास आहेत. आत्याच्या पिढीतल्या पंच ऑपरेटर बायका सत्तरी-ऐंशीत आहेत. संशोधकांची नावं निदान कागदावर तरी राहतात. या बायकांचं काय?

मग करायचं काय? एक, सभासद व्हा. ब्रिटनच्या सोसायटीची व्याख्यानं घरबसल्या बघता येतात, ‘रिझरेक्शन’चे जुने अंक वाचता येतात. तिकडे राहणारं कुणी ऐकत असेल, तर एक शनिवार त्या म्युझियममध्ये जा. तिकीट काढणं हीसुद्धा मदतच आहे, आणि स्वयंसेवकांची गरज कायम असते.

दोन, घरातले जुने कॉम्प्युटरचे कागद, मॅन्युअल, फ्लॉपी रद्दीत द्यायच्या आधी फोटो काढा आणि एखाद्या अभिलेखागाराला किंवा म्युझियमला विचारा. कोलोसस हे युद्धकाळातलं यंत्र आठवा. त्याचे नकाशे १९६० मध्ये जाळले गेले. टोनी सेल यांना ते पुन्हा उभारता आलं, त्याचं एक कारण म्हणजे काही इंजिनियरांनी नियम मोडून थोडे कागद घरी ठेवले होते.

आणि तीन, हे आजच करता येईल. ओळखीत कुणी काका, मावशी, आजी असेल जिने अशा यंत्रावर काम केलंय, तर जाऊन बसा. परवानगी घ्या, फोनवर रेकॉर्डिंग लावा. सुरुवातीला नाव, साल, गाव बोलून घ्या. मग मोठे प्रश्न नकोत. ‘सकाळी ऑफिसात गेल्यावर पहिलं काय करायचात?’ एवढंच विचारा, आणि गप्प बसून ऐका.

ती म्हणेल, ‘अगं, त्यात काय सांगण्यासारखं आहे?’ माझी आत्यापण हेच म्हणाली असती. तरी विचारा.

भेटू पुढच्या भागात.