गांधीलमाशांचे गणगोत



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानासाठी प्राण्यांतील सहकार हा विषय आम्ही कळविला, तेव्हा कार्यकारिणीतील एका सद्गृहस्थांनी विचारले, “यात मराठी ते काय?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर एका घराण्यापासून सुरू होते.

पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा केला, हे नगरकडच्या मंडळींना सांगावयास नको. त्यांचे चिरंजीव माधवराव १९७३ मध्ये पत्नी सुलोचनाबाईंसह बंगळुरास आले. ज्या संस्थेस येथील रिक्षावाले अजूनही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात, त्या भारतीय विज्ञान संस्थेत दोघेही रुजू झाली. बाई मोसमी पावसाच्या अभ्यासात रमल्या, माधवराव रानावनात आणि पाखरांत. रात्री थव्याने एकाच झाडावर वस्तीस येण्यात पक्ष्यांचे काय हित असते, याचा विचार त्यांनी सलीम अलींच्या सोबतीने मांडला. पित्याने माणसांच्या सहकाराचा हिशेब मांडला, पुत्राने पाखरांच्या. आम्हांस तरी हा वारसा फार मनोज्ञ वाटतो. १९८३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने संस्थेत परिसरविज्ञानाचे केंद्र स्थापन झाले.

त्यांच्या सहवासात आलेले एक तरुण संशोधक म्हणजे राघवेंद्र गदगकर. आडनावातील ‘कर’ आपल्या कानास घरचाच वाटेल. डॉक्टरेटसाठी त्यांचे काम विषाणूंवर होते. परंतु नाद लागला तो खिडक्यांवर लोंबणाऱ्या गांधीलमाशांच्या पोळ्यांचा. तो नाद चार दशकांहून अधिक काळ सुटला नाही, आणि ‘रोपॅलिडिया मार्जिनाटा’ ही आपल्या वळचणीची माशी जगभरच्या जीवशास्त्रज्ञांना ठाऊक झाली. २००१ मध्ये तिच्या समाजजीवनावर त्यांचा स्वतंत्र ग्रंथच निघाला.

ही माशी वनस्पतींचे तंतू चावून, लाळेत कालवून कागदासारखा लगदा करते आणि त्याच्या षट्कोनी खोल्या रचते. अंडी घालणारी राणी एका वेळी एकच. बाकीच्या माद्या घर बांधतात, अळ्यांना भरवतात, शत्रूला डंख मारतात. येथवर मधमाश्यांसारखेच झाले. पण मधमाश्यांची राणी देहानेच निराळी असते. येथे राणी आणि दासी यांत वरून काहीही फरक दिसत नाही. म्हणून निरीक्षकांनी प्रत्येक माशीच्या अंगावर रंगाचे ठिपके दिले, आणि कोण काय करते याची तासन्‌तास नोंद ठेवली. नोंदींवरून तीन प्रकार निघाले: बसणाऱ्या, भांडणाऱ्या आणि हिंडणाऱ्या. (कोणत्याही मंडळाच्या कार्यकारिणीस ही विभागणी लागू पडेल, असे कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाही.) राणी भांडणाऱ्यांत असेल अशी कोणाचीही अटकळ होईल. ती निघाली बसणाऱ्यांत. शांत, जवळजवळ गरीब म्हणावी अशी. ती कोणावर धावून जात नाही. पोळ्यावर पोट घासून आपला गंध तेवढा ठेवते, आणि त्या गंधावरून इतरांना तिचे असणे कळते.

मग प्रश्न असा की, दासींनी राबावे कशासाठी? त्यांतील पुष्कळशा स्वतः अंडी घालू शकतात. पोळे सोडून एकटीने नवे घर मांडण्यास कोणाची आडकाठी नसते, आणि काही तसे करतातही. १९६४ मध्ये इंग्लंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनी याचे उत्तर रक्ताच्या नात्यात शोधले होते: आप्तांची वाढ झाली, तर आपल्याच रक्ताचा अंश पुढे जातो. आपल्या सातभाईंचे उदाहरण घ्या. घोळक्यातील एका जोडीचे घरटे असते आणि बाकीचे भाऊबंद पिलांना किडे आणून भरवतात. तेथे हे उत्तर बरेचसे जुळते. गांधीलमाशांत नर बिनबापाचा जन्मतो. त्यामुळे एका मातापित्याच्या सख्ख्या बहिणींत तीन-चतुर्थांश रक्त समान येते, तर स्वतःच्या लेकीशी निम्मेच. बहिणी वाढविणे अधिक लाभाचे, असे गणित त्यातून निघते.

बंगळुरात हे गणित तपासले गेले आणि ते पुरे पडले नाही. राणीचा समागम एकाहून अधिक नरांशी होतो. शिवाय राण्या बदलत राहतात. त्यामुळे दासी ज्यांना भरवते, त्यांत सावत्र बहिणी, भाच्या, दूरच्या मावसबहिणी अशी सरमिसळ असते. नाते पातळ होते, तरी काम थांबत नाही.

गदगकरांनी १९९० मध्ये दाखविलेले एक कारण आम्हांस विशेष मोलाचे वाटते. अंड्यापासून पंखवाली माशी होण्यास सुमारे दोन महिने लागतात. एकटीने संसार मांडणारी माशी तत्पूर्वी मेली, तर अळ्या उपाशी मरतात आणि तिचे सारे श्रम मातीमोल होतात. सामायिक पोळ्यातील दासीचे तसे नाही. तिने दहा दिवस राबून प्राण सोडला, तरी त्या दहा दिवसांत भरवलेल्या अळीला अकराव्या दिवशी दुसरी कोणी भरवते. केलेले काम बुडत नाही.

आपण जेथे जमलो आहोत ते व्हाइटफील्डही अशाच सामायिक संसाराच्या आशेने वसले. १८८२ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी युरेशियन व अँग्लो-इंडियन संघटनेस सुमारे ३९०० एकर जमीन दिली, आणि डेव्हिड व्हाइट यांच्या नावाने ही शेतीची वसाहत उभी राहिली. आपण तर बदलीची माणसे. कोणी तीन वर्षांसाठी येतो, बालवर्गाला बाराखडी शिकवू लागतो आणि मुले जोडाक्षरांवर येण्याआधी त्याचा हुकूम निघतो. ज्यांनी या मंडळाच्या पहिल्या सतरंज्या अंथरल्या, त्यांतील किती जण आज या सभागृहात आहेत? बहुतेकांनी आपल्या कष्टांचे फळ पाहिलेले नाही. त्यांनी शिकविलेली मुले पुढे दुसऱ्यांनी शिकविली. आणि आपणही एकमेकांचे सख्खे नाही. फार तर भाषेने भाऊबंद.

आता वारसाविषयी. राणीला पोळ्यावरून उचलून नेले, तर थोड्याच वेळात एक दासी विलक्षण आक्रमक होते. इतर तिला मुकाट्याने मान्य करतात. दुसरी कोणी दावा सांगत नाही. आठवडाभरात ती अंडी घालू लागते आणि पहिलीसारखीच शांत होते. हा वारस कोण, हे निरीक्षकाला आधी ओळखता येत नाही. तो वयाने सर्वांत वडील असतोच असे नाही, आकाराने मोठा नसतो, भांडणात पुढे असतो असेही नाही. मात्र जाळी लावून पोळे दुभागण्याचे आणि राणीला या बाजूची त्या बाजूस नेण्याचे प्रयोग झाले. त्यांवरून माशांना आपला वारस ठाऊक असतो, असे २००८ मध्ये दिसून आले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत एकामागून एक राण्या काढून घेतल्या. निदान पाच वारस ओळीने, उघड तंट्यावाचून गादीवर आले. माजी अध्यक्षांची क्षमा मागून आम्ही हे नमूद करीत आहोत.

प्राणी सारेच असे सालस असतात असा समज कोणी करून घेऊ नये. आपल्या ओळखीच्या धारवाडनजीकच १९६२ च्या सुमारास सुगियामा या जपानी संशोधकांनी वानरांच्या टोळ्या न्याहाळल्या. बाहेरून आलेल्या हुप्प्याने जुन्याला हुसकावून टोळी बळकावली, आणि पाठोपाठ अंगावरची पिल्ले मारली गेली. सहकार आणि क्रौर्य एकाच सृष्टीत नांदतात. गांधीलमाशीचे मोठेपण सांगताना तिला संतपदी बसविण्याची गरज नाही. नव्या राणीचा पहिला आठवडा दांडगाईचाच असतो.

ही माशी पाहावयास टाटा इन्स्टिट्यूटपर्यंत जाण्याचे कारण नाही. व्हाइटफील्डच्या जुन्या बंगल्यांच्या वळचणी, जिन्याखालचे कोपरे, खिडक्यांच्या चौकटी येथे तिची राखी, उघडी पोळी आढळतात. सकाळच्या उन्हात, हाताला लागणार नाही एवढे अंतर राखून, मुलांना अर्धा तास बसवावे. बाहेरून परतलेली माशी तोंडातला घास दुसरीला देताना दिसेल. पोळे वाटेत येत नसेल, तर धूर देऊन पाडू नये.