फ्रेझरचा डावा हात

मुष्टियुद्धाचा विषय निघाला की आपल्याकडे महंमद अलीचं नाव येतं आणि गप्पा तिथंच रंगतात. आज मी बोलणार आहे ते अलीच्या समोरच्या कोपऱ्यात बसणाऱ्या माणसाबद्दल. जो फ्रेझरबद्दल.

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात, ब्यूफर्टजवळ, 1944 साली त्याचा जन्म. घरची गरिबी. लहानपणी एक माजलेलं डुक्कर अंगावर धावून आलं, पळता पळता पोरगं पडलं आणि डावा हात दुखावला. डॉक्टरला द्यायला पैसे कुठले? हात आपला आपण बरा झाला, पण पुन्हा पुरता सरळ झाला नाही, असं फ्रेझर स्वतः सांगायचा. आता गंमत बघा. ‘हूक’ म्हणजे कोपर वाकवून बाजूनं हाणलेला ठोसा, आणि या गड्याचं डावं कोपर कायमचंच वाकलेलं!

पुढे फिलाडेल्फियात तो कत्तलखान्यात कामाला होता. तिथं टांगलेल्या मांसाच्या धुडांवर तो ठोशांचा सराव करी. ‘रॉकी’ सिनेमात तुम्ही पाहिलंत ते हेच. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकला तो गेला बदली खेळाडू म्हणून. उपांत्य लढतीत डाव्या हाताचा अंगठा मोडला, तरी सुवर्णपदक घेऊनच परतला.

हेवीवेटमध्ये तो बुटकाच. सहा फुटांना किंचित कमी. लांब हातांच्या माणसाशी दुरून लढणं त्याला परवडण्यासारखं नव्हतं. म्हणून तो कमरेत वाकायचा, डोकं डावी-उजवीकडे झुलवत ठोशांच्या खालून आत शिरायचा आणि बरगड्यांवर घाव घालायचा. आत शिरेपर्यंत दोन-चार खावे लागत. ते तो खाई. मागे सरणं त्याच्या लढतीत नव्हतंच.

8 मार्च 1971, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. फ्रेझर आणि अली, दोघेही अपराजित, दोघांनाही प्रत्येकी 25 लाख डॉलर. पंधराव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत फ्रेझर खाली वाकला आणि डावा हूक असा काही वर आला, की अली पाठीवर आडवा. बुटांना लावलेले त्याचे लाल गोंडे हवेत. अली लगेच उठलाही, आणि माझ्या मते त्या रात्रीचा खरा चमत्कार तो! पण निकाल एकमतानं फ्रेझरच्या बाजूनं लागला.

वाकून आत शिरण्याच्या या पद्धतीला उतारा निघाला तो जॉर्ज फोरमनकडे. वाकून येणाऱ्याला खालून वर येणारा ठोसा नेमका भेटतो. 1973 साली किंग्स्टनमध्ये दोन फेऱ्यांत फ्रेझर सहा वेळा खाली पडला. आणि सहाही वेळा उठला.

मग 1975 चं मनिला, समोर पुन्हा अली. उकाडा भयंकर. लढतीआधी अलीनं फ्रेझरला ‘गोरिला’ म्हणून हिणवलं. अलीवर लढायला बंदी होती त्या काळात त्याला परवाना परत मिळावा म्हणून याच फ्रेझरनं शब्द टाकला होता. तो अपमान त्याला लागला, आणि मला तरी त्यात काही वावगं वाटत नाही. चौदाव्या फेरीनंतर फ्रेझरचे डोळे सुजून मिटत आलेले. तो आणखी लढायला तयार होता, पण प्रशिक्षक एडी फच यांनी लढत थांबवली. डाव्या डोळ्यानं आपल्याला आधीपासूनच नीट दिसत नव्हतं, हे फ्रेझरनं नंतर आत्मचरित्रात सांगितलं.

व्यावसायिक लढती 37. हरला फक्त चार, दोन अलीकडून, दोन फोरमनकडून. एक बरोबरीत सुटली, 1981 साली, निवृत्तीतून परत आल्यावर. तेवढी एक तो लढला नसता तर बरं झालं असतं.