यंत्राचा अर्जनवीस



या व्यासपीठावर थोर विद्वानांनी गहन विषय मांडले आहेत. आम्ही शाळेत फार शिकलेलो नाही. म्हणून आमचा विषयही साधा आहे. जुन्या संगणकाला जोडलेले उपकरण तो ओळखत नाही, तेव्हा काय करावे?

विषय साधा असला तरी त्यावर कित्येकांची भाकरी अवलंबून आहे. कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ खालील पेन्शनरास दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'जीवन प्रमाण' व्यवस्थेत तो बोटाच्या ठशावर देता येतो. आमच्या कचेरीत एकदा ठशाचे यंत्र संगणकाने ओळखलेच नाही. म्हातारा समोर खुर्चीवर बसलेला, आणि हयात असल्याचा पुरावा देता येईना!

असे का होते? निजामी अमदानीत आपल्या या अंबडला तहसिलीचा कारभार उर्दूत चाले आणि कुणबी बोले मराठी. दोघांमध्ये अर्जनवीस बसे. संगणक व उपकरण यांच्यामध्ये असाच एक अर्जनवीस लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो गैरहजर असला की यंत्र धडधाकट असूनही मुके होते.

म्हणून पहिला नियम हा, की यंत्र मोडले असे घाईने म्हणू नये. आधी तार बदलावी, जोडणीचे भोक बदलावे. काही तारांतून नुसती वीज जाते, माहिती जात नाही. मग विंडोजमधील 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावा. तार काढता-घालता तेथे काहीच हालचाल दिसली नाही, तर संशय तारेवर, भोकावर किंवा खुद्द यंत्रावर घ्यावा. पिवळ्या खुणेसह नाव दिसले, तर संगणकाला कोणीतरी आल्याचे कळले आहे. तेथे 'कोड २८' असेल, तर ड्रायव्हर बसवलेलाच नाही. 'कोड १०' असेल, तर उपकरण सुरू होऊ शकत नाही.

पुढे त्याच ठिकाणी 'हार्डवेअर आयडी' पाहावा. त्यात व्हीआयडी म्हणजे बनवणाऱ्याचा क्रमांक व पीआयडी म्हणजे वस्तूचा क्रमांक, असे चार-चार अंकाक्षरांचे दोन क्रमांक असतात. डब्यावरील नावापेक्षा हे क्रमांक अधिक भरवशाचे. त्यांवरून बनवणाऱ्याच्याच संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्यावा, आणि आपली विंडोज ३२ बिटांची की ६४ बिटांची, हे आधी पाहावे. एकीचा ड्रायव्हर दुसरीस चालत नाही. 'सारे ड्रायव्हर फुकट देतो' म्हणणाऱ्या अनोळखी दलालास दारात उभे करू नये. ठशाच्या यंत्रास याशिवाय 'आरडी सर्व्हिस' लागते. ती चालू आहे ना, हेही पाहावे.

आमच्या बाबतीत तार ठीक निघाली, क्रमांक सापडला. परंतु बनवणाऱ्याने जुन्या विंडोजसाठी ड्रायव्हर देणेच बंद केले होते. विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी संपली, विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. देखभाल संपलेल्या संगणकावर लोकांचे ठसे घेणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. त्या यंत्रावर लिनक्स बसवून ते पत्रव्यवहारास ठेवले, आणि दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून दिला. अशा पेन्शनरांसाठी ही सोय जुलै २०२२ पासून आहे.

१९८० च्या सुमारास अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांना प्रयोगशाळेतील छपाईयंत्राच्या आज्ञावलीचा मूळ मजकूर नाकारण्यात आला. त्या अनुभवाचाही वाटा पुढे १९८३ मध्ये त्यांनी पुकारलेल्या मुक्त आज्ञावलीच्या चळवळीत होता. अर्जनवीस एकाच्याच पदरी असला, की अर्जदार त्याचा मिंधा होतो, हे त्यांनी ओळखले.

आम्ही आयुष्यभर संघटनेला मान्यता मिळावी म्हणून भांडलो. असणे निराळे आणि ओळखले जाणे निराळे, हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणून आपणा सर्वांस एवढीच विनंती, की पुढच्या वेळी यंत्राने एखाद्या म्हाताऱ्यास ओळखले नाही, तर त्याला 'उद्या या' म्हणू नका. आधी तार तपासा.