गरोदरपणी त्वचेची निगा : थोडे लावा, वाचून लावा

(महिला पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझा विषय ऐकून काहींना नवल वाटेल, काहींना संकोचही वाटेल. गरोदर स्त्रीच्या त्वचेविषयी एका पुरुष शिक्षकाने बोलावे, हे आपल्याकडे अजून रुळलेले नाही. परंतु ज्या घरात बाळ यावयाचे असते त्या घरात नवराही असतो, आणि चेहऱ्याला लावण्याची डबी बाजारातून आणून देणारा पुष्कळदा तोच असतो. तेव्हा ही गोष्ट त्यालाही कळली पाहिजे. मी डॉक्टर नव्हे. वर्गात शरीरशास्त्र व आरोग्य शिकवणारा मी शिक्षक आहे. म्हणून वैद्यकशास्त्रात सर्वमान्य आहे तेवढेच मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी, चौथा-पाचवा महिना चालू. त्वचा कोरडी पडते, पोटऱ्या पांढुरक्या दिसतात, डोळ्यांच्या कडेला आणि ओठांभोवती बारीक रेघा उमटतात. येणारी-जाणारी बाई म्हणते, "अगं, किती सुकलीस! वयाआधीच म्हातारी दिसायला लागलीस." बोलणारी बोलून जाते, पण ऐकणारीच्या मनाला ते लागते. ती आरशासमोर जाते आणि मग दुकानात जाते. या दुकानात जाण्यापाशीच खरा धोका आहे. म्हणून प्रथम त्वचा कोरडी का पडते ते पाहू.

आपल्या त्वचेचा अगदी वरचा थर म्हणजे एक भिंतच समजा. मृत पेशी या तिच्या विटा, आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ हा चुना. चुना शाबूत असेल तर आतले पाणी आत राहते. तो धुऊन गेला की पाणी उडून जाते. या थरातले पाणी दहा टक्क्यांच्या खाली गेले की त्वचा ताठर होते, भेगाळते आणि तिच्यावर बारीक रेघा उमटतात. चुना कशाने जातो? कढत पाण्याने, अंगावर घासलेल्या साबणाने, हिवाळ्यातील कोरड्या हवेने, भांड्या-कपड्यांच्या पावडरीने. गरोदरपणी पोटावरची आणि छातीवरची कातडी ताणली जाते, शरीरातील स्रावांचे प्रमाण बदलते, त्यामुळे कोरडेपणा आणि खाज अधिक जाणवते.

येथे एक भेद ध्यानात ठेवा. कोरडेपणामुळे दिसणाऱ्या बारीक रेघा त्वचेत ओलावा आला की पुष्कळशा मावळतात. उन्हाने आणि तंबाखूच्या धुराने पडलेल्या खोल सुरकुत्या मात्र तशा जात नाहीत. त्या पडू नयेत एवढेच आपल्या हाती असते. गरोदरपणी दिसणाऱ्या रेघांत पहिल्या जातीच्या पुष्कळ असतात आणि त्यांना महागडे औषध लागत नाही.

मग करावे काय? स्नान कोमट पाण्याने आणि थोडक्यात, पाच-दहा मिनिटांत आटोपावे. साबण काख, जांघ, पाय एवढ्यापुरता ठेवावा. सबंध अंगाला रोज साबण चोळण्याची गरज नाही. टॉवेलने खसाखसा पुसू नये, नुसते टिपून घ्यावे आणि अंग ओलसर आहे तोवरच, दोन-तीन मिनिटांच्या आत, तेल किंवा व्हॅसलीन लावावे. सारे मर्म या वेळेत आहे. तेल स्वतः पाणी देत नाही, ते आतले पाणी अडवून धरते. वाळलेल्या अंगावर तासाभराने तेल लावले तर अडवायला पाणीच उरलेले नसते. घरचे खोबरेल तेल चांगले. पेट्रोलियम जेली, जिचे पेटंट १८७२ साली अमेरिकेत घेतले गेले, ती तर पाणी अडवण्यात फारच सरस, आणि स्वस्त. सुगंध नसलेली निवडावी म्हणजे चुरचुर होत नाही.

ज्या भगिनी पाच वेळा वुजू करतात त्यांचे हात, तोंड, पाय दिवसातून अनेकदा भिजतात आणि वाळतात. त्यांनी वुजूनंतर हात-पाय टिपून लगेच थोडेसे तेल चोळावे. भांडी घासून झाल्यावरही तेच करावे.

आता उन्हाविषयी. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात ऊन प्रखर असते. शेतावर, बांधकामावर, बाजारात जाणाऱ्या बहिणीने डोक्यावरचा पदर किंवा ओढणी कपाळावर पुढे ओढावी, शक्य तर छत्री घ्यावी. गरोदरपणी गालांवर आणि कपाळावर वांग येतात, ते उन्हाने गडद होतात. ज्यांना परवडेल त्यांनी झिंक ऑक्साइड असलेले सनस्क्रीन वापरावे, ते गरोदरपणी चालते. बाळंतपणानंतर वांग बहुधा फिके पडत जातात, म्हणून घाबरून जाऊ नये. पोटावरच्या ताणाच्या रेघांविषयी मात्र खरे सांगितले पाहिजे. त्या येऊच देणार नाही असे कोणतेही तेल अद्याप सिद्ध झालेले नाही. तेलाने खाज कमी होते, कातडी मऊ राहते, एवढा लाभ मात्र नक्की.

घरगुती लेपांविषयीही दोन शब्द. मुलतानी माती त्वचेतले तेल शोषून घेते. तेलकट चेहऱ्याला ती ठीक, कोरड्याला नव्हे. लिंबाचा रस चेहऱ्यावर चोळल्याने आग होते, आणि तो लावून उन्हात गेल्यास डाग पडतात. साय किंवा तेलात कालवलेले बेसन मात्र साबणाऐवजी खुशाल वापरावे.

आता ज्यासाठी मी मुख्यतः उभा राहिलो आहे त्या मुद्द्याकडे येतो. काय लावू नये?

पहिली गोष्ट, सुरकुत्या घालवणारी क्रीम. यांतील पुष्कळांत अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातील द्रव्ये असतात. लेबलावर रेटिनॉल, रेटिनिल पाल्मिटेट, ट्रेटिनॉइन, अडापलीन अशी नावे दिसतील. याच घराण्यातील आयसोट्रेटिनॉइन ही मुरुमांवरची गोळी १९८२ साली अमेरिकेत बाजारात आली. ती गरोदरपणी पोटात गेल्यास बाळाच्या मेंदूत, हृदयात, कानांत जन्मजात व्यंग येऊ शकते, हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे. क्रीममधून शरीरात फार थोडा अंश जातो हे खरे, तरीही गरोदरपणी ही क्रीमसुद्धा बंद ठेवावीत असेच डॉक्टर सांगतात. नऊ महिने रेघ राहिली तर काही बिघडत नाही. आधी नकळत लावले गेले असेल तर भिऊ नये, डबी घेऊन डॉक्टरांकडे जावे.

ओघात आले म्हणून सांगतो. रक्त वाढावे म्हणून आपल्या घरांतून गरोदर सुनेला प्रेमाने कलेजी खाऊ घालतात. कलेजीत लोह असते, पण अ जीवनसत्त्वही अतिशय असते. गरोदरपणी त्याची दिवसाची मर्यादा दहा हजार एकक मानतात आणि ती एका वाढीत सहज ओलांडली जाऊ शकते. त्याऐवजी साधे मटण, अंडी, मसूर, पालेभाज्या द्याव्यात, सोबत लिंबू पिळावे. आणि आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा एकशेऐंशी दिवस न चुकता घ्याव्यात.

दुसरी गोष्ट, गोरेपणाची क्रीम. काहींत पारा असतो. पाऱ्याने रंग उजळतो खरा, पण तो कातडीतून रक्तात जातो, मूत्रपिंडे बिघडवतो आणि वारेतून बाळापर्यंत पोहोचतो. आपल्या देशाच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी अशा क्रीममध्ये मुद्दाम पारा घालण्यास मनाई केली आहे. तरी ज्या डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, घटक छापलेले नाहीत, अशा डब्या बाजारात येतातच. लेबलावर मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल असे काही दिसले, किंवा काहीच छापलेले नसले, तर ती डबी घरात नको.

तिसरी गोष्ट, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेले मिश्र मलम. त्यात बहुधा बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हे स्टिरॉइड असते, कधी हायड्रोक्विनोनही असते. पहिले काही आठवडे चेहरा तुकतुकीत दिसतो. मग कातडी पातळ होते, लाल होते, केस उगवतात, आणि मलम सोडले की आग होते. म्हणजे सुरकुत्या घालवायला जावे आणि कातडीच झिजवून बसावे! हायड्रोक्विनोन तर त्वचेतून फार मोठ्या प्रमाणात रक्तात शिरते. अशी अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकू नयेत असा नियम २०१८ साली झाला. तो पाळला जातो की नाही, हे आपणच पाहावयाचे आहे.

चौथी गोष्ट, सुरमा. बाजारातील पुष्कळ सुरम्यांत शिसे असते. ते आईच्या शरीरातून बाळाकडे जाते आणि बाळाच्या मेंदूला अपाय करते. गरोदरपणी तो लावू नये आणि बाळाच्या डोळ्यांतही घालू नये. पाचवी गोष्ट, मशेरी. काही आयाबाया ती दातांसाठी म्हणून लावतात, पण ती भाजलेली तंबाखू आहे. तिच्यामुळे बाळ कमी वजनाचे जन्मू शकते.

भगिनींनो, कधी कधी कोरडी त्वचा आणि खाज हा शरीराने धाडलेला निरोप असतो. त्वचेबरोबर थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ, अंगावर सूज असे होत असेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. हा दोष उपचाराविना राहिला तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि उपचार म्हणजे रोजची एक लहानशी गोळी. दुसरे असे, की शेवटच्या तीन महिन्यांत पुरळ नसताना तळहात-तळपायांना, विशेषतः रात्री, जबर खाज सुटली, लघवी गडद झाली, तर तेल लावून स्वस्थ बसू नये. यकृतातील पित्ताचा प्रवाह मंदावल्याचे ते लक्षण असू शकते. त्यात बाळाच्या जिवाला धोका संभवतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. "गरोदरपणी खाज सुटतेच," असे म्हणून सासूबाईंनी किंवा आईने ते थांबवू नये.

तपासणीला पैसे नाहीत, असेही म्हणण्याचे कारण नाही. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य संस्थांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. आशाताईंना विचारले तर त्या बरोबर येतात.

शेवटी मला शिक्षक म्हणून एक सांगावयाचे आहे. मुलगी शिकली म्हणजे काय झाले, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, तिने डबीच्या मागचे बारीक अक्षर वाचले आणि डबी परत दुकानदारापुढे ठेवली, एवढे तरी झाले. ज्या घरात आईला वाचता येत नाही तेथे आठवीतल्या मुलीने ते वाचून दाखवावे. नवऱ्याने तेलाची बाटली भरून ठेवावी, न्हाणीघरात एखादी बादली उचलून द्यावी आणि बायकोला "तू सुकलीस" असे म्हणण्याऐवजी "तू जेवलीस का?" असे विचारावे. घरात येऊ घातलेल्या बाळाची निगा येथूनच सुरू होते.