रेघांचा आंकडा कीं बोटांचा?

सांगलीच्या हळदीचें पाकीट साताऱ्याच्या दुकानांत विकलें जातें, तेव्हां त्यावरील काळ्या रेघा वाचून स्कॅनर तेरा आंकडे संगणकाकडे धाडतो. श्रोत्यांस नवल वाटेल, पण बहुतेक स्कॅनर आपली ओळख कळफलक म्हणूनच करून देतात. त्यामुळें आंकडे रेघांतून आले कीं बोटांतून, हें संगणकास उमगत नाहीं. अशा वेळीं कर्सर नगांच्या रकान्यांत राहून गेला, तर एका पाकिटाचीं आठ लाख कोटींहून अधिक पाकिटें व्हावयाचीं! कारण भारतांत नोंदलेला क्रमांक ८९० नें सुरू होतो.

मग ओळखावें कसें? वेगावरून. सराईत कारकुनाच्याही दोन कळांमध्यें सेकंदाचा दहावा हिस्सा सहज जातो. स्कॅनरचे तेराही आंकडे बहुधा तेवढ्याच अवधींत येऊन पोंचतात. परंतु संगणक दुसऱ्या कामांत गुंतला कीं हा हिशेब फसतो. शेवटच्या आंकड्यावरून क्रमांक पडताळतां येतो खरा. पण त्यानें शुद्धता कळते, उगम नव्हे. त्याहून भरंवशाची युक्ति अशी कीं, बोटें सहसा दाबीत नाहींत असें एखादें ठरीव चिन्ह स्कॅनरनें क्रमांकाआधीं धाडावें. तें दिसतांच आज्ञावली पुढील आंकडे थेट मालाच्या रकान्यांत नेते, मग कर्सर कोठेंही असो.