तहान लागायची वाट पाहू नका

‘उन्हात जाऊ नका’ एवढं सांगितलं की ज्येष्ठांची काळजी घेतली, असं आपण समजतो. पण 2003च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेत सुमारे 15 हजार माणसं दगावली. त्यांत बहुसंख्य वृद्ध होते आणि अनेकांना मृत्यूने राहत्या घरातच गाठलं. धोका छपराखालीही असतो. पत्र्याची खोली किंवा वरच्या मजल्यावरची स्लॅब दिवसभर तापते, रात्रीही धग सोडत राहते आणि शरीराला सावरायला उसंतच मिळत नाही.

विदर्भातल्या म्हाताऱ्या माणसांना उन्हाची सवय असते, असं कुणी म्हणेल. सवयीचा उपयोग होतो, हे खरंच. मात्र वयाबरोबर घाम कमी येतो, तहानेची जाणीव मंदावते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अंगातलं पाणी आणखी घटतं. ती गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर पाणी किती प्यायचं, हेही त्यांनाच विचारावं. घर गार ठेवायला कूलर विदर्भात चांगला चालतो, कोकणच्या दमट हवेत फारसा नाही. पारा चाळिशीपार गेला की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. अशा वेळी ओल्या पंचाने अंग पुसत राहावं. ‘मला काही होत नाही’ या उत्तरावर विसंबू नका, कारण तक्रार करणारी जाणीवच क्षीण झालेली असते. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांकडे दुपारी आणि रात्रीही डोकावा. बोलणं असंबद्ध झालं, शुद्ध हरपू लागली, तर तोंडात पाणी न घालता 108ला फोन करा आणि अंग लगेच गार करायला लागा.