पोर्टची सुई

मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस. वैद्यकाशी माझा संबंध आला तो थोरल्या बहिणीमुळे. आपाची केमोथेरपी नागपुरात सुरू झाली आणि तिच्यासोबत बसून मी सिस्टरांचे हात पाहू लागलो.

केमोच्या औषधांनी हाताच्या शिरा कडक होत जातात. म्हणून छातीवर कातडीखाली एक लहान डबी बसवतात. तिला केमो पोर्ट म्हणतात. तिची बारीक नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत उघडते. डबीचा पडदा सिलिकॉनचा असतो. सुई काढली की तो आपोआप मिटतो. मात्र त्यासाठी सुई ह्यूबरचीच हवी. साधी सुई पडद्याचा कण कापून काढते आणि पुढे औषध झिरपू लागते. ह्यूबर सुईचे टोक किंचित वळलेले असल्याने ती सिलिकॉन नुसते बाजूला सारते. हे टोक १९४० च्या दशकात राल्फ ह्यूबर या अमेरिकन दंतवैद्याने शोधले. असे पोर्ट १९८० च्या दशकात आले.

सिस्टर हात धुतात, मास्क आणि निर्जंतुक हातमोजे घालतात, आपाला मान दुसरीकडे वळवायला सांगतात. कातडी औषधाने पुसून ती वाळेपर्यंत थांबतात, कारण इथून शिरलेला जंतू थेट रक्तात जातो. मग एका हाताच्या तीन बोटांत डबी पक्की धरून, "काकू, मोठा श्वास घ्या," म्हणत सुई सरळ काटकोनात तळाला टेकेपर्यंत घालतात. टेकल्याचे बोटांना कळते.

यानंतर सिरिंजमध्ये रक्त मागे यायला हवे. ते न पाहता डॉक्सोरुबिसिनसारखे लाल औषध सोडले आणि ते शिरेबाहेर गेले, तर आतले मांस जळते. एका दवाखान्यात रक्त न येताच औषध जोडण्याची घाई झाली. आपाच म्हणाली, "बेटी, आधी रक्त बघ ना." ती मुलगी थांबली. तिने आपाला खोकायला आणि कूस बदलायला सांगितले. तेव्हा रक्त आले. आले नसते, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जायचे नसते.

नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात किंवा जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये गडचिरोली, गोंदियापासून माणसे येतात आणि दोन केमोंच्या मधल्या दिवसांत गावी परततात. गावात सलाइन लावायची वेळ आली, तर हाती लागेल ती सुई पोर्टमध्ये टोचू देऊ नका. पोर्टचे कार्ड जवळ ठेवा. पोर्ट धुतल्यावर थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आणि दोन प्रश्न विचारायला संकोचू नका : सुई ह्यूबरची आहे ना? रक्त मागे आले ना? जाणत्या सिस्टरला त्याचा राग येत नाही. ती स्वतः तेच पाहत असते.